नबीच्या बागेचा ताण

नबीले मी मूर्ख म्हणत होतो. तोंडावर म्हणत होतो अन माघारी बी म्हणत होतो, त्यात चोरी नाई. आमची विहीर एक, दोघाईच्या वावरामधला धुरा एक, अन वरूडच्या आख्ख्या शिवारात आमच्याइतके भांडणारे शेजारी दुसरे नसतीन. तरी त्याच्याबद्दल कोणी विचारलं का मलेच सांगा लागते, कारण बाकीच्याईले अर्धंच माहीत हाये. मले बी सारं समजलं असं नाई. सांगता सांगता समजन म्हणून सांगतो, अन दरवेळेस जास्तच गोंधळतो.

नबी उंच, पाठीत जरासा वाकलेला, डोक्याले कायम पांढरा दुपट्टा. बोलणं मोजकं. तुमी त्याले शिव्या द्या, तो पुरत्या ऐकून घेईन, बशीत चहा ओतून तुमच्यापुढं सरकवीन, अन मंग आपल्याले जे करायचं तेच करीन. मले त्याच्या याच गोष्टीचा राग. भांडणाऱ्या माणसाले समोरच्यानं भांडलं पाह्यजे, नाईतं पालथ्या घड्यावर पाणी. पण पोळ्याच्या दिवशी माह्या बैलाच्या शिंगाले बेगड तोच लावे. माहा हात कापते, त्याचा हात डॉक्टरासारखा थीर. बेगड लावून झाली का बैलाच्या कानात काहीतरी बोले अन घरी चालला जाये. काय बोलत होता ते मले कधी सांगतलं नाई.

आता संत्र्याचं जरा समजून घ्या, त्याशिवाय पुढचं समजणार नाई. संत्र्याच्या झाडाले सतत पाणी भेटत राह्यलं का ते माजते, नुसता पाला वाढवते, फुलत नाई. म्हणून आंबिया बहारासाठी, म्हंजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलासाठी, डिसेंबरात त्याचं पाणी बंद करा लागते. याले आमी ताण म्हणतो. झाड तहानते, पानं मलूल होतात, पिवळी पडतात, थोडी गळतात. मंग बरोबर वेळ साधून हलकं पाणी सोडलं, म्हंजे ताण तोडला, का सारं झाड पांढऱ्या फुलानं भरून जाते. लवकर सोडलं तं फूल नाई. उशीर केला तं शेंडे वाळतात, अन लय उशीर केला तं झाडच हातचं जाते. ती वेळ कोणती, हे ज्याच्या त्याच्या जमिनीवर हाये, अन नबीइतकं ते कोणाले साधत नव्हतं. भर दुपारी एक पान तोडे, मुठीत दाबे, मूठ उघडून पाहे, अन मोटर चालू करे. त्याच्या मोटरचा आवाज आला का आजूबाजूचे लोक आपापल्या मोटरी चालू करत. मी बी करत होतो. भांडण भांडणाच्या जागी.

हे मी तवाचं सांगून राह्यलो जवा आमच्या शिवारात पाणी पार खोल गेलं होतं. ज्याच्या बोअरले धूळ लागली त्यानं बाग तोडली. दिवसभर आरे चालत अन संत्र्याच्या लाकडाचे ट्रक रस्त्यानं जात. आमची विहीर जुनी, आमच्या दोघाईच्या आज्यानं मिळून खोदलेली, तिनं कसाबसा दम धरला होता. म्हणून आमच्या बागा उभ्या होत्या. एका बहाराची चूक झाली असती तं आमच्याही बागेत आरा आला असता, एवढी गोष्ट साफ होती.

नबीची पोरगी माहेनूर. लहानपणापासून हुशार. वरूडले शिकली, मंग अमरावतीच्या कॉलेजात, मंग पुण्याले, अन तिथून स्कॉलरशिप भेटून जर्मनीत. नबीची बायको रजियाबी, आमची भाभी, तिचं माहेर बार्शीटाकळीचं. तिचे भाऊ अकोल्यातली स्थळं घेऊन येत अन विचारत, पोरगी करते काय. भाभी म्हणे एक्स-रेचं काम करते. मंग स्थळवाले घाबरत. एक्स-रेच्या खोलीत राहणाऱ्या बाईले लेकरं होत नाईत म्हणतात, असं एकानं तोंडावर सांगतलं. गावातले लोक बी काही कमी नव्हते. ती सुट्टीवर आली का जानराव आपल्या गुडघ्याचा एक्स-रे पिवळ्या पाकिटात घालून तिच्या दारात हजर. बिचारी उजेडात धरून पाहे अन म्हणे, काका, हे मले वाचता येत नाई. जानराव माह्यापाशी येऊन म्हणे, एवढे वर्षं शिकून साधा गुडघा समजत नाई, काय कामाचं शिक्षण.

त्याच सुट्टीत मी तिले म्हटलं, बाई, आता मले समजव, तू करते तरी काय. बागेत खाटेवर बसलो होतो, नबी बी होता. ती म्हणाली, लग्नात फोटोवाला फ्लॅश मारते ना, तसंच. पण हा फ्लॅश एक्स-रेचा, लेझरचा. अमेरिकेत कोसभर लांब बोगद्यातून तो काढतात. अन चमकते एवढा कमी वेळ का आपली पापणी लवेपर्यंत तसे लाखो कोटी फ्लॅश बसतीन. एवढ्या झटक्यात चमकला म्हणूनच लय घाईनं होणाऱ्या गोष्टी त्यात सापडतात. पदार्थाच्या आतले कण हलतात, जुळतात, तुटतात, ते आपल्याले कधी दिसत नाई. त्याईचा फोटो काढायचा. फ्लॅश इतका तेज का ज्याच्यावर पडला ते तिथल्या तिथं फुटून उडून जाते.

म्या विचारलं, "मंग फोटो जित्याचा निघते का मेलेल्याचा?"

"जित्याचा, काका. फुटायच्या आधी फोटो निघालेला राह्यते."

मले काही हे पटलं नाई. फोटो काढल्यानं माणूस मरते असं माही आजी म्हणे तं आमी तिले हसत होतो, अन इथं शिकलेले लोक तेच करून राह्यले, ते बी एवढं मोठं मशीन लावून. मंग ती म्हणाली, एका फोटोनं भागत नाई. एक कण फुटला का दुसरा, दुसरा फुटला का तिसरा, असे लाखो फोटो जोडून मंग एक सिनेमा बनते. म्हंजे लाखो मेले तवा एक जिता दिसला. माहं डोकं तिथंच बंद पडलं.

नबी मात्र सरसावून बसला होता. त्यानं विचारलं, फोटो कशाचा काढता. ती म्हणाली, अब्बा, हिरव्या पानात एक बारीक कारखाना राह्यते, तो उन्हाच्या उजेडानं पाणी फोडते. त्यातून निघते तीच हवा आपण श्वासात घेतो. पण पान पाणी फोडते कसं, एका मागं एक काय काय होते, ते अजून कोणी पुरतं पाह्यलं नाई. आमी आधी उजेडाची एक टिचकी मारतो, अन लगेच एक्स-रेचा फ्लॅश.

नबीनं "पान पाणी फोडते" हे दोन-तीनदा स्वतःशीच म्हटलं. मंग नमाजची वेळ झाली म्हणून तो उठून गेला. त्याच्या मागं ती मले म्हणाली का हे काही आपल्या संत्र्याचं पान नाई, गरम झऱ्यात राहणारा शेवाळासारखा जीव हाये, त्याच्यातला कारखाना काढून त्याचे बारीक खडे बनवतो अन पाण्याच्या धारीत सोडतो. हे नबीनं ऐकलं नाई. मले बी तवा त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाई. पान काय अन शेवाळ काय.

हे सारं दोन हजार बाराच्या दिवाळीच्या आसपास झालं. डिसेंबरात आमी दोघाईनं ताण दिला. त्याच महिन्यात माहेनूरचा फोन आला का जानेवारीत आमच्या टोळीले अमेरिकेतल्या मशीनवर थोडे दिवस भेटले हायेत, तिथं समजन पान पाणी कसं फोडते. जानेवारी अर्धा झाला. म्या पान दाबून पाह्यलं, मले वाटलं झालं आता. नबीच्या मोटरची वाट पाह्यली. आवाज नाई. शेवटी मी माही मोटर चालू केली अन धुऱ्यावरून त्याले हाक मारली, का बाबा, तुह्यावाली जमीन माह्यापेक्षा हलकी, तुहा ताण आधीच व्हायले पाह्यजे होता, झोपला का.

तो म्हणाला, माहेनूरचा फोन येऊ दे.

मले वाटलं पोरीचं काही दुखलं-खुपलं. तसं नव्हतं. पानाचं पाणी कसं फुटते हे तिले आता कळणारच हाये, तं मंग पाणी कवा द्यायचं हे तिलेच विचारून देऊ, असा त्याचा हिशेब होता. आपण आजवर अंदाजानं दिलं, म्हणाला, ती पाहून सांगन.

आता सांगा, अशा माणसाले काय म्हणावं. मी म्हटलं, अबे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या लोकाईले विचार, मले विचार, स्वतःच्या मुठीले विचार. हातच्या कांकणाले आरसा कायले. त्यानं बशी पुढं सरकवली. तिकडं मशीनची तारीख पुढं ढकलली गेली. इकडं त्याच्या बागेत पानाचा सडा पडू लागला. माही बाग फुलली, सुगंध धुऱ्यापलीकडं जाये, अन त्याच्या झाडाईचे शेंडे तपकिरी झालेले. पोरीच्या कामात घोर नको म्हणून भाभीनं तिले काही सांगतलं नाई, माह्या बायकोजवळ, शकुनजवळ रडली. शकुन मले म्हणाली, तुमी नुसते बोंबलता, करत काही नाई.

मंग म्या केलं. एका सकाळी विहिरीवरचा वॉल फिरवला अन पाणी त्याच्या बागेत सोडलं. तो आला, पाटाजवळ उभा राह्यला, अन शांतपणे वॉल बंद केला.  त्या दिवशी म्या त्याले मूर्ख म्हटलं ते मनापासून म्हटलं, अन घरी येऊन मले जेवण गेलं नाई. त्यानंतर फोन येईपावतो आमचं बोलणं बंद होतं.

फोन आला तवा फेब्रुवारी अर्धा गेला होता. भाभीनं मले बोलावून घेतलं. मोबाईल खाटेवर ठेवलेला, आवाज मोठा केलेला. बापलेक हिंदीत बोलत, मी आपल्या भाषेत सांगतो. नबीनं पहिलंच विचारलं, "बेटा, झालं का? आता पाणी देऊ?"

 मले वाटलं फोन कटला. मंग पोरीनं विचारलं का अजून पाणी दिलं नाई का. तो म्हणाला, नाई, तुह्यासाठी थांबलो.  मंग ती लगेच बोलली, "द्या अब्बा. आजच द्या. दिसलं आमाले."

नबी उठला तो नव्या नवरदेवासारखा. अर्ध्या तासात पाटानं पाणी धावत होतं. झाडं बरीचशी वाचली, निम्म्यावर फूल आलं, निम्म्याचे शेंडे कापा लागले. काही झाडं गेलीच. अन हा माणूस बाजारात सांगत फिरला का या वर्षीचा ताण आमी एक्स-रे लेझरनं तोडला. लोक हसत. त्याले हसू दिसत नव्हतं.

चार दिवसानं माहेनूरचा मले फोन. काका, खरं सांगा, बागेचं किती नुकसान झालं, मायनं सांगतलं ते खरं का. म्या खरं सांगतलं, रागातच सांगतलं. मंग विचारलं, तुले दिसलं काय पण त्या मशीनमध्ये. ती म्हणाली, काही नाई दिसलं काका. खड्यानं भरलेली धार ज्या नळीतून येते ती सारखी चोक होत होती. पूर्ण वेळ नळी साफ करण्यातच गेला. म्हंजे आपलं ड्रीप चोक होते तसं, मी म्हटलं. हाव, तसंच. सातासमुद्रापलीकडं एवढा मोठा बोगदा, जगातली हुशार पोरं, अन चोक झालेली नळी. मले हसावं का रडावं समजेना. ती मात्र रडून राह्यली होती. म्हणाली, अब्बा माह्या भरवशावर झाडं वाळवतीन असं मले सपनात बी वाटलं नव्हतं. आता त्याईले मी खोटी पडले म्हणून कसं सांगू.

तिनंच मंग तोड काढली. पुढच्या डिसेंबरापासून दर आठवड्याले ती मले फोन करे, काका, अब्बाच्या झाडाची पानं कशी हायेत, किती गळली, दुपारी मलूल होऊन सांजेले उभी राह्यतात का नाई. मी धुऱ्यावरून पाहून सांगे. ज्या दिवशी मी म्हणीन आता दे, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा बापाले फोन. अन बापाची मोटर चालू. म्हंजे माहंच बोलणं, जे नबी दहा हातावरून ऐकत नव्हता, ते जर्मनीले जाऊन विज्ञान होऊन परत ये, अन मंग त्याले पटे. मले लय राग ये. त्याहून जास्त राग याचा ये का ताण बरोबर तुटे. त्या वर्षी झाडं फुलानं लदबदली, मंग गारपिटीनं झोडपली, ती गोष्ट वेगळी. गारीले कोणाचा फोन चालत नाई.

दोन हजार पंधराच्या जानेवारीत मात्र गडबड झाली. माहेनूर पुन्हा अमेरिकेत गेली होती, मशीनवर. म्या तिले सांगतलं होतं का आता दे. दुसऱ्या दिवशी तिचा बापाले फोन नाई. त्यानंतर बी नाई. मी लावला तं लागे ना. इकडं पानं पिवळी होऊन टपटप पडू लागली. मी रोज धुऱ्यावर उभा. नबी रोज झाडाखाली मोबाईल खिशात घेऊन बसलेला. मले ते पाह्यल्या जात नव्हतं. पहिल्या वर्षीचे कापलेले शेंडे आठवत होते. अजून एक तसा बहार त्या झाडाईले झेपला नसता, अन विहीर बी तळाले गेली होती.

एक दिवस दुपारी माहा ताबा सुटला. धुरा ओलांडून गेलो अन जे बोलायचं नव्हतं ते बोललो. "अबे, तिची वाट काय पाहतं? तिले काही दिसत नाई तिथून. मी सांगतो तिले, अन ती तुले सांगते. मागच्या वर्षी बी मीच सांगतलं होतं. ऊठ अन मोटर चालू कर."

बोललो अन वाटलं, गेलं. आता याचं काय होईन.

नबीनं दुपट्टा काढला, तोंड पुसलं. म्हणाला, "माहीत हाये मले."

"काय माहीत हाये?"

"जर्मनीतून तिले माह्या बागेचं पान कसं दिसन, देवीदास? मागच्या वर्षी ती तेच बोलली जे तू आदल्या दिवशी धुऱ्यावरून बोंबलत होता. शब्द बी तुह्याच तोंडचे."

मी उभ्या जागी येडा झालो. म्हटलं, मंग माहं ऐकाले तुले काय रोग आला होता. तो खाली पडलेली पानं पाहत बोलला.

"तुहं ऐकलं असतं तं तिनं मले फोन कायले केला असता? मायशी ती रोज बोलते, मायलेकीचं काहीबाही चालते. माह्याशी काय बोलन? मी काय विचारू तिले? तिच्या एवढ्या मोठ्या कामातलं मले एकच समजते, का पान पाणी फोडते."

 तरी माही जीभ थांबली नाई. विचारलं, अन पहिल्या वर्षी, तवा बी हेच होतं का, तिच्या एका फोनपायी झाडं वाळवली का. तो म्हणाला, नाई, तवा मले खरंच वाटलं होतं. एवढंच बोलला. आता यातलं किती खरं अन किती नंतरचं, ते मले आजपावतो उकललं नाई. जो माणूस मुठीत पान धरून वेळ ओळखे त्याले कसं खरं वाटलं असन? अन नसन वाटलं तं झाडं मरू कशी दिली? शकुनले विचारलं तं म्हणे, तुमाले नाई समजायचं.

नबी उठला. एक पान तोडलं, मुठीत दाबलं, पाह्यलं अन टाकून दिलं. "आता नाई येत फोन," म्हणाला, अन विहिरीकडं गेला. मोटर चालू झाली. पाणी पाटानं आलं, पहिल्या झाडाच्या आळ्यात शिरलं. तो पाटात अनवाणी उभा राहून फावड्यानं वाट करून देत होता, अन मी काहून कोण जाणे तिथंच उभा होतो. एवढे वर्षं मी म्हणत होतो मोटर चालू कर, अन आता चालू झाली तं मले बरं वाटत नव्हतं.

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला.

त्यानं नाव पाह्यलं. मंग माह्याकडं पाह्यलं, अन मंग मोटरकडं. मले समजलं. म्हाताऱ्या गुडघ्यानं जेवढं पळता येते तेवढा पळालो अन मोटर बंद केली.

ती ओरडूनच बोलत होती, विहिरीपर्यंत ऐकू येत होतं. अब्बा, दिसलं, या वेळेस खरंच दिसलं. आठ दिवस झोप नाई, खाली बोगद्यात फोन चालत नाई, म्हणून उशीर झाला. टिचकी मारल्यावर पाणी फुटायच्या जागी कण सरकतात, ते सरकणं सापडलं. नबी हाव, हाव करत होता. त्याले किती समजलं मले माहीत नाई, पण त्याच्या डोळ्याले धार लागली होती. मंग ती एकदम थांबली. हळू आवाजात काहीतरी विचारलं.

नबीनं खाली पाह्यलं. घोट्यापर्यंत पाय चिखलात होते.

"नाई, बेटा," तो म्हणाला. "अजून नाई दिलं. तुहीच वाट पाहून राह्यलो."

ती काय बोलली ते मले ऐकू आलं नाई. नबीनं फोन कानाले तसाच धरून माह्याकडं पाह्यलं अन हात वर केला.

म्या मोटर चालू केली.